मुसळछाप

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातली ती खोली मला वाचता येत होतं म्हणून मिळाली, आणि वाचता येत असूनही त्याच दिवशी जवळजवळ गेली.

घरमालक म्हणजे गुरुजी. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. भाडेकरू निवडायची त्यांची पद्धत अशी, की खोली पाहायला आलेल्या माणसाला रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उभं करायचं आणि आपण ओसरीत एक पाटी छातीशी धरून उभं राहायचं. मधून ऑटो जायचे, म्हशी जायच्या. त्या सगळ्यातून गुरुजी ओरडायचे, "वाच!"

मी वाचलं. "चपला बाहेर काढाव्या."

"पुन्हा वाच!"

पुन्हा वाचलं. गुरुजींचा चेहरा इतका खुलला की खोलीबरोबर मुलगीही देतात की काय, अशी मला आशा वाटली. (मुलगी नव्हती, हे नंतर कळलं.) मी गोंदियात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर, त्यामुळे अक्षर दिसलं की त्याच्यावर चार शब्द बोलायची मला खोड. रस्ता ओलांडता ओलांडताच सुरू झालो. काय वजन आहे, काय उंची आहे, इतक्या लांबून पाहिलं तरी एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. बोलत बोलत ओसरी ओलांडली, बैठकीत शिरलो, सोफ्यावर बसलो, पायावर पाय टाकला. काकू पाणी घेऊन आल्या आणि माझ्या वरच्या पायाकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या. पायात चप्पल होती.

"पोट्ट्याले वाचता येते," त्या गुरुजींना म्हणाल्या. "समजून नाही राहिलं फक्त."

"त्याच्यात अक्षराचा दोष नाही," गुरुजी म्हणाले, आणि खोली मला दिली.

त्या पाटीवरचं अक्षर गुरुजींनी स्वतः घडवलं होतं. जाड, उंच, अंगानं चिंचोळं, आणि सगळी टोकं गोल. काना म्हणजे गोल डोक्याचा खांब. शिरोरेषा म्हणजे दोन्हीकडून घासलेली काठी. धान कांडायचं मुसळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अक्षर समोर आलं. गुरुजींनी नावही तेच ठेवलं होतं, मुसळ. शाळेतली पोरं त्यांना मागून 'मुसळछाप' म्हणत. हे गुरुजींच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी वर्गात पाठ थोपटून घेतल्यासारखा आनंद व्यक्त केला म्हणे. नाव पसरलं तर अक्षर पसरेल, असा त्यांचा हिशेब.

जन्मभर दुसरं अक्षर त्यांनी काढलं नाही. काढता येत नव्हतं असं नव्हे. गरज काय, असा सवाल होता.

आता टोकं गोल का, तर ते राईस मिलमुळे. कॉलेजात असताना सुट्टीत ते मिलमध्ये पोत्यांवर छापे मारायला जात. पोत्याची वीण जाडीभरडी. अक्षराला टोक काढलं की शाई धाग्यात शिरणार आणि टोकाचा फुगा होणार. "म्हणून म्या म्हटलं, शेवटी फुगाच व्हायचा आहे तर आपणच नीट फुगवू," गुरुजी सांगत. आणि चिंचोळं का, तर गोदामात थप्पी लागली की पोत्याचं तोंड तेवढं बाहेर राहतं. तेवढ्याशा जागेत मिलचं नाव, तांदळाचं नाव, वजन, सगळं बसवायचं, आणि ट्रकवरच्या हमालाला ते खालून वाचता आलं पाहिजे. अक्षर रुंद केलं तर मावत नाही, बारीक केलं तर दिसत नाही. राहिलं काय? मुसळ.

हे सगळं पोत्यापुरतं मला पटायचं. गुरुजींचं म्हणणं होतं की जग हे एक मोठं पोतं आहे.

भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी मुसळमध्ये काढली. वधू-वरांची नावं, मामांची नावं, काकांची नावं, सारं एका आखूड पानात मावलं, आणि सारं सारख्याच आवाजात. वरपक्षाकडून फोन आला तो काकूंनी घेतला. तिकडचे व्याही विचारत होते, "पत्रिका हाय का कनकीच्या कट्ट्याचं लेबल हाय?" (कनकी म्हणजे तांदळाची चुरी, कट्टा म्हणजे पोतं.) काकूंनी फोन गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी विचारलं, "दिनांक दिसून राहिला ना? स्थळ दिसून राहिलं? मंग या!" आणि ठेवला.

घरात कोपरा नावाचा प्रकार त्यांना चालत नसे. टेबलाचे चारही कोपरे कानशीनं घासून गोल केलेले. खिडकीची चौकट गोल. देवघराची पायरी गोल. चौकोनी साबण आणला की पहिल्या दिवशी आंघोळ फक्त कोपऱ्यांची व्हायची. बर्फी खाताना आधी चारही कोपरे चावून मग मधला भाग बशीत ठेवायचे आणि त्याच्याकडे पाहायचे. माझा मोबाईल त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला, चारी बाजूंनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कंपनीत कोणीतरी शिकलेला आहे."

मला ते 'मशीन' म्हणायचे, कारण मी कॉम्प्युटरवर अक्षरं काढतो. "काऊन गा मशीन, जेवला का?"

त्यांना गाडीवर मागे बसवून गोंदियात नेणं हे जोखमीचं काम होतं. दुकानांच्या पाट्या वाचत यायचे आणि एखादी नापसंत पडली की माझ्या पाठीत बोट खुपसायचे. एका दाताच्या डॉक्टरची पाटी पाहून त्यांनी असं बोट खुपसलं की मी दचकून ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दिला आणि शिंगाड्याच्या हातगाडीत जाऊन घुसलो. गाडीवाला हिंदीत माझ्या सात पिढ्या काढत होता. मी रस्त्यावरचे शिंगाडे गोळा करत होतो, बोटांना टोचत होते. गुरुजी शांतपणे पाटीकडे हात करून म्हणाले, "पाह्य. अक्षराले कसे सुळे काढले! दात दुखणारा माणूस याले पाहून आत जाईन का?" मग माझ्या हातातल्या शिंगाड्यांकडे पाहून म्हणाले, "आणि तूही शोधून शोधून टोकदार गोष्टीवरच गेला."

मुसळ कॉम्प्युटरमध्ये घालायची कल्पना माझी. मला वाटलं आठवडाभराचं काम. गुरुजी कागदावर अक्षर काढून द्यायचे, मी ते स्कॅन करून कडा आखायचो, आणि ते माझ्या मागे उभं राहून म्हणायचे, "पोट आत घे." पोट माझं नव्हे, अक्षराचं. म, भ, ब, व यांच्या आत जी बंद पोकळी असते तिला ते पोट म्हणत. अक्षर चिंचोळं ठेवायचं तर पोट आवळावं लागतं. गुरुजी ते इतकं आवळायचे की शेवटी आत एक फट उरायची, तांदळाच्या दाण्याएवढी.

याच काळात माझ्या हातून मंडईच्या एका पोस्टरचा अपराध घडला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटक होतं, आणि पोस्टरवर कमिटीतल्या प्रत्येकाचं नाव लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी नाही. नावं मावेनात म्हणून मी मुसळला दोन्ही बाजूंनी माऊसनं धरून दाबलं. मावली. गुरुजींनी चौकात तो फ्लेक्स पाहिला आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. दाबलं की उभे खांब बारीक होतात आणि आडव्या रेषा जाडच राहतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. त्यांनी माझे दोन्ही गाल तळहातांत धरून जोरात दाबले आणि आरशासमोर नेलं. "आता सांग, तू बारीक झाला का?"

पण माझा खरा पराक्रम पुढेच आहे.

आमच्या सेठकडे एका मिलचं काम आलं. नवा तांदूळ, 'भीमाबाई छाप', मालकाच्या आजीच्या नावानं. पोत्यासाठी स्टेन्सिल हवी होती. मी छाती पुढे काढून सांगितलं, अक्षर माझ्याकडे तयार आहे. प्लॅस्टिकची शीट कटिंग मशीनवर लावली आणि मुसळमध्ये कापून काढली. मशीनखाली अक्षरांच्या आतले छोटे छोटे तुकडे पडले होते. ते मी कचरा म्हणून झाडून टाकले, आणि शीट घेऊन मिलमध्ये गेलो.

ज्यानं कधी स्टेन्सिल कापली आहे तो इथे हसायला लागला असेल. मला तिथवर जाऊनही कळलं नाही. भ, म, ब, प, सगळे पोटाचे. आणि पोटाचा तुकडा शीटला धरून ठेवायला मध्ये बारीक जोड सोडावे लागतात, नाहीतर तो गळून पडतो. गुरुजी जोड नेहमी कापताना हातानं सोडायचे. फाईलमध्ये ते नव्हते आणि असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. पोत्यावर ब्रश फिरवला, शीट उचलली, आणि खाली एका रांगेत काळे डाग.

"ये क्या है?" मालकानं विचारलं.

"भीमाबाई," मी म्हणालो.

"दादी की तेरहवीं भी हो गई," तो म्हणाला.

ते पोतं मी घरी आणलं. लपवायला आणलं होतं, पण गुरुजींनी ते पाहिलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि बैठकीच्या भिंतीवर खिळे ठोकून लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "हे आमच्या मशीननं काढलं. पोटच झाडून फेकलं लेकानं."

पोतं महिनोन्महिने तिथेच होतं. ते पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून एवढं सांगितलं.

आता काकूंबद्दल. काकू अर्जुनी मोरगावकडच्या. म्हणजे गावोगाव नाटकं होतात त्या पट्ट्यातच वाढलेल्या. आमच्या कॉलनीचं दर मंडईला एक नाटक व्हायचं, आणि काकू त्याच्या प्रॉम्प्टर. आमच्या भागात प्रॉम्प्टर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नट पाठांतर करून येत नाही. नट अंगात कपडे घालून, तोंडाला रंग लावून येतो आणि विंगेकडे कान लावून उभा राहतो. पडद्याआडून प्रॉम्प्टर ओळ देतो, नट ती झेलतो आणि प्रेक्षकांत फेकतो. म्हणजे नाटक जे काही होतं ते प्रॉम्प्टरच्या तोंडून होतं. काकूंना कॉलनीत या एका गोष्टीचा मान होता. एरवी त्या 'गुरुजींची बाई'. मंडईच्या आठवड्यात गुरुजी 'काकूंचे मिस्टर'.

संहिता गुरुजी लिहून द्यायचे, अर्थात मुसळमध्ये. विंगेतल्या मिणमिणत्या दिव्यात दिसावं म्हणून जाड, आणि पानं कमी व्हावीत म्हणून चिंचोळं. नाटकाला मात्र ते जात नसत. "मोठ्यानं खोटं बोलणं आहे ते," म्हणत. मंडपाच्या बाहेर उभं राहून बॅनरमधल्या चुका काढायचे आणि घरी येऊन झोपायचे.

त्या वर्षी नाटकात गोंधळ झाला. पहिल्या अंकातच नायकानं खलनायकाला माफ केलं. खलनायकानं अजून काही केलेलंच नव्हतं. तो बिचारा गांगरून म्हणाला, "कशाबद्दल?" आणि प्रेक्षकांतून आवाज आला, "घे गा, घेऊन ठेव, पुढं कामी येईन!" काकूंच्या ओळी सुटत होत्या. एका ओळीवरून दुसरीवर जाताना त्या खाली घसरत होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा मधला भाग झिजतो आहे. चष्म्यानं सुधारणार नाही, आहे ते सांभाळायचं.

कॉलनी कमिटीचे सचिव घरी आले. चांगला माणूस, वाईट वाटून आला होता. म्हणाले, "काकू, आता आराम करा. मोबाईलवरून कोणीही वाचून देईन."

काकू म्हणाल्या, "रंगीत तालमीले या. मी वाचतो. नाही वाचता आलं त मीच उठून जाईन, तुमाले सांगा लागणार नाही."

तेवढंच ठरलं. पुढच्या मंडईच्या तालमीपर्यंत काकूंना वाचता आलं पाहिजे, नाहीतर त्या जागेवरून उठणार. उठल्या की पुन्हा बसणार नव्हत्या, हे त्यांच्याकडे पाहून कोणालाही कळलं असतं. सचिव चहा न पिताच गेले.

गुरुजींना उत्तर लगेच सापडलं. "जाड कर."

मी मुसळ आणखी जाड केलं, पान छापलं. काकू पानाकडे पाहत राहिल्या. "काय लिव्हलं हाय?"

"मशीनचा दोष आहे," गुरुजी म्हणाले. "आणखी जाड कर."

दिवा बदलून पाहिला. मी हुशारी करून इतका मोठा दिवा आणला की काकूंना पान तर दिसेनाच, भिंतही दिसेना. टेबल खिडकीजवळ नेलं. कागद पिवळा करून पाहिला. गुरुजी दरवेळी अक्षर आणखी जाड, आणखी उंच करायला लावायचे, आणि अंगानं मात्र एक रेघही वाढू द्यायचे नाहीत. काकू ओळीवर बोट ठेवून बसायच्या आणि अंदाजानं काहीतरी म्हणायच्या. आम्ही मान हलवायचो. एके दिवशी त्यांनी अख्खा संवाद बरोबर म्हटला, गुरुजींनी टाळी वाजवली, आणि काकू म्हणाल्या, "हा मागच्या वर्षीचा हाय. पाठ हाय मले."

टाळी वाजवलेले हात गुरुजींनी खाली कसे घेतले, ते मी पाहिलं नाही. मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो.

"पण दिसत नाही म्हणजे काय दिसते?" ते जरा चिडूनच म्हणाले. "काहीतरी दिसतच असन ना!"

काकू उठल्या. भिंतीवरच्या त्या पोत्यापाशी गेल्या आणि माझ्या भीमाबाईच्या काळ्या डागांवर हात ठेवला.

"हे असं दिसते," त्या म्हणाल्या. "तुमचं सारं लिव्हणं मले असंच दिसून राहिलं. तुमी हासता याले, म्हणून म्या सांगितलं नाही."

गुरुजी पोत्याकडे पाहत होते. मग आत गेले, कानस आणली, आणि आधीच गोल असलेला टेबलाचा कोपरा घासत बसले.

दोन-तीन दिवस गुरुजी कानसच चालवत होते. मग एका दुपारी वर माझ्या खोलीत आले. स्टुलावर बसले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुहा कॉम्प्युटर उघड. अक्षरं जरा लांब लांब ठेव. शाई फार लागून राहिली."

शाई लागत असेल तर अक्षर बारीक करतात, लांब लांब ठेवत नाहीत. पण मी लांब लांब ठेवली. अशा प्रसंगी वाद न घालण्याची अक्कल मला चुकूनच येते.

पान छापून खाली नेलं. काकूंसमोर ठेवलं. त्यांनी मान वाकडी केली, कडेनं पाहिलं, आणि म्हणाल्या, "अजून."

आणखी लांब केलं.

"अजून."

"आता अक्षरं एकमेकाले ओळखणार नाही," गुरुजी म्हणाले.

"मले ओळखू द्या आधी. त्याईचं मंग पाहू."

मग पोटं उघडली. गुरुजी माझ्या शेजारी बसून एकेक अक्षर सोडत होते. भ सोडला, म सोडला, व सोडताना त्यांनी दोनदा माझा हात धरला. पोट उघडायचं तर जाडी कमी करावी लागली. जाडी कमी करूनही पुरेना, तेव्हा अंग वाढवावं लागलं. मुसळचं जे जे म्हणून होतं ते ते एकेका 'अजून'ला गेलं.

"उंची राहू दे निदान," ते काकूंना म्हणाले. अगदी विनवून म्हणाले.

"उंचीनं काय होते? तुमी काय कमी उंच आहा? गर्दीत सापडता का कधी?"

उंची गेली.

त्या दिवशी काकूंनी पानावरचं पहिलं वाक्य वाचलं. हळूहळू, एकेक अक्षर धरून, पण वाचलं. मग दुसरं वाचलं. आणि पाठ नव्हतं, कारण ते नाटक नवं होतं, त्याच वर्षीचं.

गुरुजींनी खिशातून पेन काढला आणि पानावरच्या एका कान्याखाली बोट ठेवलं. "टोकंही काढू का? चौकोनी करू?" जे गेलं ते सगळंच जाऊ दे, अशा आवाजात.

काकूंनी पान डोळ्यांजवळ नेलं. "टोकं राहू द्या," त्या म्हणाल्या. "गोल बरे हायत. टोचून नाही राहिले डोऱ्याले."

गुरुजींनी पेन खिशात ठेवला. जिना चढताना मला म्हणाले, "याले मुसळ म्हणू नको."

"मग काय नाव देऊ?"

"काही देऊ नको. कोणी विचारलं त सांग, मशीनची चूक आहे."

माझ्याकडे ती फाईल अजून 'मशीनची चूक' याच नावानं आहे. दुकानात सगळ्यात जास्त तीच चालते. दवाखान्याच्या पाट्या, शाळेच्या बसवरची नावं, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर एका गावानं लावलेला 'पाणी खोल आहे' हा फलक, सगळीकडे. गिऱ्हाईक विचारतं, भाऊ, हे कोणतं अक्षर? मी नाव सांगतो. ते हसतं. त्याला वाटतं मी विनम्र आहे.

रंगीत तालमीला सचिव आले, काकूंनी वाचलं, सचिवांनी या वेळी चहा घेतला. एकच अडचण उरली. अक्षर फुगल्यामुळे संहितेची पानं इतकी झाली की गठ्ठा एका हातात मावेना. काकूंचं एक बोट ओळीवर, दुसऱ्या हातात बॅटरी. पानं पलटायला माणूस हवा होता. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

"मी नाटकाले जात नाही," गुरुजी म्हणाले.

"नाटकाले कोण म्हणून राहिलं? पानाले या," काकू म्हणाल्या.

आणखी एक अडचण अशी, की इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्याची ऐनवेळी ड्युटी लागली आणि त्याचा खाकी ड्रेस मला बसत होता. शेवटच्या प्रवेशात यायचं, बेड्या घालायच्या, चार वाक्यं बोलायची. मी पाठ केली नाहीत. प्रॉम्प्टर आहे म्हटल्यावर कशाला?

बाकी गावांत नाटक रात्रभर चालतं, आमच्या कॉलनीचं मात्र संध्याकाळीच लागतं, कारण सकाळी सगळ्यांना कामावर जायचं असतं. मी विंगेच्या मागे मिशी चिकटवत उभा होतो. तिथून दोघंही दिसत होते. काकू खुर्चीवर, मान किंचित वाकडी, बोट ओळीवर. शेजारी स्टुलावर गुरुजी, मांडीवर पानांची थप्पी, तोंड कडू औषध घेतल्यासारखं. काकू ओळ देत होत्या, स्टेजवर ओळ उमटत होती. पहिला अंक गेला. कोणी कोणाला वेळेआधी माफ केलं नाही. दुसरा अंक गेला. सचिव दोनदा विंगेत डोकावून गेले आणि दोन्ही वेळा अंगठा दाखवून गेले.

मग मी आत गेलो. टाळ्या पडल्या, कारण माझी मिशी एका बाजूनं सुटली होती. खलनायक माझ्यासमोर हात पुढे करून उभा. विंगेतून काकूंचा आवाज आला, स्वच्छ, न अडखळता. "तुझ्या पापाचा घडा भरला!" मी म्हणालो, "तुझ्या पापाचा घडा भरला!" "आता तुला कोणी वाचवणार नाही!" मी तेही म्हणालो. बेड्या काढल्या, हात उंच केला, विंगेकडे कान लावला.

विंगेतून काहीच येईना.

मी बेड्या तशाच धरून उभा. खलनायक उभा. नंतर कळलं ते असं, की काकू पानाच्या शेवटच्या ओळीवर येऊन थांबल्या होत्या, आणि गुरुजी त्याच पानावरच्या एका 'भ'कडे पाहत बसले होते. बॅटरीच्या उजेडात, हातभर अंतरावरून. मोकळं पोट असूनही अक्षर मरत नाही, हे त्यांना तिथे, त्या स्टुलावर, पहिल्यांदा नीट दिसत होतं म्हणे.

मग काकूंचा आवाज आला. तितकाच स्वच्छ.

मी छाती फुगवली, खलनायकाच्या नाकासमोर बोट रोखलं, आणि सबंध मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"पान पलटवा, गुरुजी!"

"हो हो, पलटवलं!" विंगेतून गुरुजी ओरडले.

पुढे काही वेळ नाटक झालं नाही. अख्खी मंडई हसत होती, खलनायक पोट धरून खाली बसला होता, आणि माझी मिशी पूर्ण सुटून पडली. ते शमलं तेव्हा काकूंनी पुढची ओळ दिली. बरोबर ओळ दिली. त्यानंतरची दिली. पडदा पडेपर्यंत एकही चुकली नाही. चुकलो तो मीच, आणि ते काकूंच्या नाही, माझ्या खात्यावर लागलं, हे त्यातल्या त्यात बरं झालं. सचिवांनी तिथल्या तिथे काकूंना पुढच्या वर्षीचं सांगून टाकलं.

परतताना आम्ही तिघं पायीच निघालो. गुरुजींनी संहितेचा गठ्ठा पोत्यासारखा खांद्यावर टाकला होता.

"पोट्ट्याले ऐकू येते," काकू म्हणाल्या. "समजून नाही राहिलं फक्त."

गुरुजी थांबले. माझ्याकडे वळले. "तुले स्टेजवरून पान दिसून नव्हतं राहिलं?"

"दिसत होतं की."

"पुरं? वाचता येत होतं?"

"येत होतं, गुरुजी. पण मी वाचत नव्हतो. ऐकत होतो."

"मंग त्याच्यात अक्षराचा दोष नाही," गुरुजी म्हणाले, आणि गठ्ठा दुसऱ्या खांद्यावर घेऊन पुढे चालायला लागले.